जखडलेला अंगठा

पनवेलला मी हाडांचा दवाखाना काढला तेव्हा न्हावा शेवाचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं. कंटेनरचे ट्रक धावत, आणि त्यांच्या वाटेत जे कोणी येई ते मोडकी मांडी, मोडकी नडगी, निखळलेला खुबा घेऊन माझ्या जिन्याशी येई. जिन्याशी म्हणायचं कारण, दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. हाडं मोडलेल्या लोकांसाठी पहिल्या मजल्यावर जागा घेणारा माणूस किती शहाणा असेल ते वाचकांनीच ओळखावं. बायको तेव्हा नेमकं हेच म्हणाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं. त्या काळात मला लोकांना गप्प करायची फार सवय होती.

दिवसभर सळया ठोकून आणि प्लास्टरं घालून मी कंटाळून जायचो. सुतारकामच ते. मला हौस होती हाताच्या नाजूक शस्त्रक्रियेची. मुंबईत शिकताना हातावर काम करणाऱ्या एका सरांच्या हाताखाली सहा महिने काढले होते, आणि त्या विषयावरचं जाडजूड पुस्तक मी पनवेलला बरोबर आणलं होतं. पण इथे बोट तुटलं तर लोक येत. नुसतं दुखतं म्हणून कोण कशाला येतंय? म्हणून ती बाई अंगठा दुखतो असं सांगत आली तेव्हा मी मनातून खूश झालो. रोग्याला बघून डॉक्टर खूश झाला की रोग्याने सावध व्हावं, हे मला आता कळतं.

ती उरणच्या बाजूच्या एका गावातली, आगरी घरातली. वय पंचेचाळिशीच्या आसपास. डोक्यावरून पदर, आणि दोन्ही मनगटांत चांगल्या चार बोटं हिरव्या काचेच्या बांगड्या. बरोबर नवरा होता आणि थोरला दीर होता. नवरा वर आलाच नाही, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. घरचा कारभार थोरल्याकडे, तेव्हा डॉक्टरांशी बोलण्याचं कामही त्याच्याचकडे. आणि त्यांच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नसे. मी काही विचारलं की ती पदर आणखी पुढे ओढी आणि उत्तर दीर देई.

"कधीपासून दुखतंय?"

"दोन वर्सं झाली, डाक्टर," दीर म्हणाला.

"जास्त कधी दुखतं?"

"काम करताना."

"नेमकं कुठे?"

हे मात्र त्याला सांगता येईना. तेव्हा तिने डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याच्या अगदी मुळाशी, मनगटाच्या जरा वर टेकवलं. एवढं एक उत्तर तिने स्वतः दिलं आणि ते बिनचूक होतं.

त्या जागेवर डाग दिल्याचे दोन काळे वण होते. त्याआधी रुईची पानं गरम करून बांधून झाली होती. एका डॉक्टरने संधिवात म्हणून गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्याने मनगटाची शीर म्हणून इंजेक्शन. मी तिचा अंगठा धरला, मुळाशी दाबून जरासा गोल फिरवला. आत करकर झाली. जात्यात खडा आला की खुंटा धरलेल्या हाताला कळतं, तसं माझ्या बोटांना कळलं. तिने डोळे मिटून घेतले, पण तोंडातून आवाज काढला नाही. अंगठ्याखालचं हाड बाहेर सरकून तिथे कोपरा झाला होता. दोन वर्षं कोणाला न कळलेलं दुखणं मला दोन मिनिटांत कळलं होतं, आणि त्याचा आनंद माझ्या तोंडावर दिसत असणार. "हातच्या काकणाला आरसा कशाला," मी दिराला म्हणालो, "पण एक्स-रे काढूच."

आमचा एक्स-रेवाला बायकांच्या बांगड्या निघत असतील तर उतरवून घ्यायचा, नाहीतर वर कोपराकडे सारायचा. हिच्या सारल्या. फिल्ममध्ये दिसलं ते मी म्हटलं तसंच होतं. अंगठ्याचं हाड आणि त्याच्याखालचं मनगटातलं लहान हाड यांच्यामधली गादी पार झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं.

यावर दोन वाटा होत्या. एक म्हणजे ते लहान हाड काढून टाकायचं आणि त्या पोकळीत हातातलीच एक स्नायूची दोरी गुंडाळून बसवायची. दुखणं जातं, अंगठा हलता राहतो, पण पकडीतला जोर थोडा कमी येतो. दुसरी वाट म्हणजे सांधा खरवडून दोन्ही हाडं एकमेकांना कायमची जोडायची. सांधाच राहत नाही, तेव्हा दुखणंही राहत नाही. जोर पुरेपूर मिळतो, मात्र अंगठा मुळाशी जखडतो. पुस्तकात सरळ लिहिलं होतं की कष्टाचं काम करणाऱ्याला दुसरी वाट द्यावी. खाली एक ओळ होती, अशा रोग्याला पुढे हात टेबलावर सपाट ठेवता येत नाही. या बाईच्या घरी टेबल कुठे असणार, असं मनात आलं आणि मी पान उलटलं.

"या काम काय करतात?" मी दिराला विचारलं.

"काय करत नाय ते इचारा. भात लावते, कापते, मिठागरान पाट्या उचलते. बसून खानारी बाय नाय ती."

तो हे अभिमानाने म्हणाला, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. विळा, फावडं, मिठाची पाटी. मला हवं ते उत्तर मिळालं होतं. सांधा जोडायचा असं मी तिथल्या तिथे ठरवलं. दिराने मान हलवली. तिच्याकडे मी पाहिलं की नाही ते आता आठवत नाही, बहुतेक नसेनच.

लावणी उरकल्यावर, श्रावणात ती भरती झाली. संध्याकाळी मी माझ्या खोलीत तेच पुस्तक चाळत होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या. वयाने मोठ्या, इथल्याच.

"डॉक्टर, त्या बाई विचारतायत, मागनं या हातात बांगड्या भरता येतील ना?"

मला हसू आलं. "सांगा त्यांना, दोन महिन्यांनी प्लास्टर निघेल. मग अख्खं दुकान भरून घाला म्हणावं."

सिस्टर हसल्या नाहीत. "माघात मुलाचं लग्न आहे त्यांच्या. पहिलंच कार्य. म्हणून विचारतायत."

"माघ ना? तोवर ठणठणीत."

मी तारखेचं उत्तर दिलं. तिने तारीख विचारलीच नव्हती. पुस्तकातला टेबलाचा प्रश्न तिने बांगडीने विचारला होता, आणि तो विचारायला दिराची पाठ वळेपर्यंत थांबली होती. माझ्या सगळ्या नोकरी-धंद्यात रोग्याने विचारलेला इतका नेमका प्रश्न मला दुसरा आठवत नाही. मी तो बायकी नटवेपणात जमा केला.

सकाळी उजव्या हातातल्या बांगड्या उतरवायच्या होत्या. सूज आलेल्या सांध्यावरून त्या निघेनात. सिस्टरांनी साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी एकेक करून वाढवल्या. फोडल्या हा शब्द त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत. त्याआधी बाईने खुणेने नवऱ्याला वर बोलवायला सांगितलं. तो आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, शेवटची बांगडी निघेपर्यंत. तो समोर असला की दोष लागत नाही, असं काही असावं. मला उशीर होत होता, मी विचारलं नाही. तिने काचा गोळा करून रुमालात बांधल्या आणि त्याच्या हाती दिल्या. मनगट कोरं राहू नये म्हणून सिस्टरांनी हळदीचा दोरा बांधला. आत टेबलावर तो दोरा मी कात्रीने कापून टाकला.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी आजही म्हणेन. काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला, सांध्याची दोन्ही टोकं ताजं हाड लागेपर्यंत खरवडली, अंगठा अर्धी मूठ वळल्यासारखा धरून दोन बारीक तारा आरपार घातल्या. सरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. दोन महिन्यांनी प्लास्टर काढून एक्स-रे घेतला, तर दोन हाडांचं एक हाड झालं होतं. मी ती फिल्म आमच्या गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत उजेडासमोर धरून दाखवली. बटाटेवडे खाता खाता सगळ्यांनी वाहवा केली.

महिन्याभराने ती दाखवायला आली. या वेळी दीर नव्हता, नवरा होता, तोही नेहमीसारखा पायरीवर. त्या दिवशी मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत होता, ड-ढ चा र आणि ळ चा ल करणारा.

"दुखत नाय आता. सारी पिलते, कलशी उचलते. पन बांगऱ्या चरत नाय, डाक्टर."

"सूज आहे अजून," मी म्हणालो. "उतरेल."

मार्गशीर्षात पुन्हा आली. "सूज हाय का अजून?"

सूज नव्हती. "मोठ्या मापाच्या घ्या."

"मोठ्या घालून बघितल्या. कासारीन बोलली, तुजा हात दुमरत नाय."

"मग धातूची घ्या, उघडमिट होणारी."

"ती काचंची नाय ना," ती म्हणाली.

मग माझं टाळकं सरकलं. बाहेर दोन फ्रॅक्चरं थांबली होती. "मावशी, तुम्ही हात दुखतो म्हणून आला होतात ना? दुखायचा थांबला ना?"

"थांबला," ती म्हणाली. उठली, पदर सारखा केला आणि गेली. खालच्या पायरीवरून दोघांच्या चपलांचा आवाज लांब जाताना मला ऐकू आला, कारण मी दाराकडे बघतच बसलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बायकोच्या माहेरी लग्न निघालं आणि तिला बांगड्या भरायला मी बाजारातल्या गल्लीत घेऊन गेलो. एरवी असल्या दुकानात मी बाहेर उभा राहतो. त्या दिवशी बाकावर जागा होती म्हणून आत बसलो. बांगडीवाल्याने बायकोचा हात हातात घेतला, "हात सैल सोडा ताई," म्हणाला, आणि आपल्या अंगठ्याने तिच्या अंगठ्याचं मूळ तळव्यात दाबलं. हाताची रुंदी बघता बघता निम्मी झाली आणि बांगडी सरकन मनगटात उतरली. सगळा खेळ दोन पळांचा.

"पुन्हा करा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण दुसरी बांगडी हळूहळू चढवून दाखवली. "सगळी करामत इथली असते, साहेब," अंगठ्याच्या मुळावर बोट ठेवत तो म्हणाला. ती बाई पहिल्या दिवशी दाखवत होती तीच जागा. "हा मुडपला नाही तर बांगडी जात नाही. आणि याच्यावरून जाईल एवढी मोठी घातली, तर ती हातात राहत नाही, भांडी घासताना गळून पडते."

मी माझाच अंगठा तळव्यात दाबून बघितला. मग तो जखडलेला असता तर, असं धरून बघितला. बायको विचारत होती, लाल बघू की हिरव्या, आणि मी अंगठाच दाबत होतो. मला लाज वाटली. सात वर्षं हाडं शिकून मला जे माहीत नव्हतं ते या माणसाला माहीत होतं, त्या गावातल्या कासारणीला माहीत होतं, आणि बाईला तर आधीपासून माहीत होतं. मी एकट्यानेच ते ऐकलं नव्हतं.

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. मी तर झोपाही केला नाही. तिला बोलावून घ्यावं, चूक झाली म्हणावं, एवढं तरी करायचं होतं. रोज उद्यावर ढकललं.

माघात तिचा नवरा लग्नाची पत्रिका घेऊन आला. त्या दिवशी तो पायऱ्या चढून वर आला आणि पत्रिका दोन्ही हातांनी दिली. "तिनं सांगितलंय, डाक्टरांना यायलाच पायजे." मी बायकोला घेऊन स्कूटरवर गेलो. मांडव मोठा होता, गर्दी मोठी होती. नवरामुलगा निघायच्या वेळी त्याला ओवाळायला बायका पुढे झाल्या, तेव्हा तबक घेऊन उभी होती ती थोरली जाऊ. आई मागे होती. नवी कोरी साडी, कपाळभर कुंकू, डावा हात कोपरापर्यंत हिरवागार. उजवा पदराखाली होता. मुलगा तिच्या पाया पडला तेव्हाही तिने त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखा काढून घेतला.

आम्हाला बघून ती जवळ आली. "जेवल्याबिगर जायचा नाय," एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना बायको मागून म्हणाली, "त्या बाईंच्या उजव्या हातात काहीच नव्हतं. कोऱ्या हाताने मुलाला ओवाळायचं नाही म्हणून जावेने ओवाळलं म्हणे. बायका बोलत होत्या. काय झालंय हाताला?"

"ऑपरेशन झालंय," मी म्हणालो.

"कोणी केलं?"

वारा जोरात होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

लग्नानंतर ती एकदा एकटीच आली. बसली नाही. "यो अंगठा परत मोकला करता येल का? दुखला तरी चालंल मना."

"नाही," मी म्हणालो. "एकदा जोडलेलं हाड सुटत नाही."

हे पुरतं खरं नव्हतं. जोडलेला सांधा सोडवून ते लहान हाड काढता आलंही असतं. जमलं असतं का, सांगता येत नाही. पण मुंबईला सरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे मी काय केलं ते सांगावं लागलं असतं. पहिली चूक माझ्या अडाणीपणाची होती, ती मी स्वतःला कधीतरी माफ करीन. हे दुसरं "नाही" मी पूर्ण शुद्धीत म्हणालो. तिने ते खरं मानलं आणि जिना उतरून गेली.

पुढे त्या बाजूची शेतं एकेक करून भरावाखाली गेली, मिठागरं गेली. तिच्या घरची जमीनही गेल्याचं सिस्टरांकडून कळलं. ज्या विळ्यासाठी आणि पाटीसाठी मी तिला भक्कम अंगठा दिला होता, तो विळा आणि ती पाटी चार-पाच वर्षांत घराच्या माळ्यावर पडली. भक्कम अंगठा तेवढा राहिला.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी दवाखाना एकदाचा तळमजल्यावर आणला होता. एके दिवशी ती आत आली. केस पांढरे झाले होते, दोन्ही हात पदराखाली. माझ्या आधी एक्स-रेवाल्याकडे जाऊन आली होती. फिल्म तिने टेबलावर ठेवली. डावा अंगठा. तोच सांधा, तीच झीज. हे दुखणं बहुतेक दोन्ही हातांना होतं, त्यात नवल नव्हतं. पण मला वाटलं, ही मला मिळालेली दुसरी संधी आहे. मी फिल्म बाजूला ठेवली, खुर्ची तिच्याकडे ओढून घेतली आणि पहिल्यांदा तिलाच विचारलं.

"मावशी, काम काय करता हल्ली?"

"काय काम. नातवंडा संभालते."

डावा हात तिने पुढे केला. मनगट कोरं होतं. एक्स-रेसाठी उतरवलेल्या असणार. मी अंगठा हळूच फिरवून बघितला आणि मग तिला सगळं नीट समजावून सांगितलं. इतकं सविस्तर मी उभ्या आयुष्यात कोणाला सांगितलं नसेल. "या वेळी सांधा जोडायचा नाही. ते लहान हाड काढून टाकू. जोर थोडा कमी येईल, पण हात दुमडेल. मी कासाराकडे जाऊन बघून आलोय. या हातातल्या बांगड्यांना काही होणार नाही. आत्ता एक्स-रेवाल्याने काढल्यात ना, तशाच पुन्हा भरता येतील. मागच्या वेळी मी तुम्हाला हे विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

लहान मुलाला समजवावं तशा आवाजात ती म्हणाली, "एक्स-रेवाल्यानं नाय कारल्या, डाक्टर. मालक गेलं माजं. दोन वर्सं झाली."

तेव्हा कुठे मी तिच्या कपाळाकडे पाहिलं.

खालच्या पायरीवर बसणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला, रुमालातल्या काचा हातात घेऊन उभा असलेला.

"आता कंचाबी करा," ती म्हणाली. "दोनी हात सारकंच झालं."

तिने उजवा हातही पदराबाहेर काढला आणि मला दाखवायला दोन्ही हात माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावा सपाट टेकला. उजवा टेकला नाही.